पानदान कुणाच्या माहेरचं

नांदेडच्या जुन्या भागात एक हॉल होता. तिथं दर रविवारी जुन्या वस्तूंचा हर्रास व्हायचा. आमच्याकडं लिलावाला हर्रासच म्हणतात. त्यात बोली पुकारायचं काम मी बावीस वर्षं केलं.

मी मूळचा लातूरचा. बाजार समितीत एका आडतीवर सोयाबीनच्या ढिगांपुढं उभं राहून बोली पुकारायचो. हॉलचे मालक शेठ काही कामानं तिथं आले होते, त्यांनी माझा आवाज ऐकला आणि मला नांदेडला घेऊन गेले. बंद पडलेली हॉटेलं, मोडीत निघालेले दवाखाने, मुलांकडं पुण्याला राहायला गेलेल्या म्हाताऱ्यांची घरं, अशा ठिकाणांहून शेठ माल आणायचे. बिदरी फुलदाण्या, लोलकांचे दिवे, चावीची घड्याळं. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तसं मी बोललोही. शेठ म्हणाले, "कळायला कशाला पाहिजे? समोरच्याला हात वर करावा वाटला की झालं."

वस्तूला एखादी गोष्ट जोडली की हात लवकर वर होतात, हे पहिल्या सहा महिन्यांतच ध्यानात आलं. काही गोष्टी माल देणाऱ्यांनी शेठला सांगितलेल्या असायच्या, शेठ त्या घाईघाईत माझ्या कानावर घालायचे. काही मी तिथंच उभ्या उभ्या जोडायचो. पुरावा कुणी मागत नव्हतं. खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. आता वाटतं का, तेही मला नीट सांगता येत नाही.

शेठ वारले आणि हॉल बंद झाला. वर्षभर मी घरीच होतो. शेवटच्या एका हर्रासाचा व्हिडिओ कुणीतरी मोबाइलवर काढलेला होता, तो बराच फिरला. फिरत फिरत तो लातूरच्या एका स्थानिक वाहिनीत पोचला आणि तिथल्या निर्मातीचा मला फोन आला. तिशीतली मुलगी, बोलायला मोकळी. तिच्या डोक्यात एक कार्यक्रम होता. लोकांनी घरातली जुनी वस्तू घेऊन यायची आणि मी ती हातात घेऊन सांगायचं, काय आहे, किती जुनी आहे, मोलाची आहे का.

पहिल्या दिवशी तोंडाला पावडर लावून, जाकीट घालून मला लाइटपुढं बसवलं. काय करायचं ते मी विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही बोलता तसंच बोला. फक्त 'असेल' म्हणू नका. 'आहे' म्हणा."

तेव्हापासून मी 'आहे' म्हणायला लागलो. समई शंभर वर्षांची आहे. ही नक्षी बिदरच्या कारागिराची आहे. काही माहीत असायचं, काही अंदाजानं. टीव्हीवर दोन्ही सारखंच दिसायचं. लातुरात गंजगोलाईजवळ एका ऑटोवाल्यानं मला ओळखलं, ऑटो कडेला लावली आणि पाकिटातून निजामाच्या वेळचा पैसा काढून माझ्या तळहातावर ठेवला. लग्नकार्यात लोक हातात तांबे द्यायला लागले. मी सांगेन ते ते ऐकून घ्यायचे. हर्रासात लोक माझ्या तोंडाकडं बघत पण नव्हते, त्यांचं लक्ष वस्तूवर आणि शेजाऱ्याच्या हातावर असायचं. आता सगळे माझ्याकडं बघत होते आणि मी इकडं तिकडं बघत होतो.

बायको अंगणवाडीत होती, आता निवृत्त झालीय. ती एकदा म्हणाली, "टीव्हीत तुम्ही लई ठाम बोलून राहिले. घरी चहा घेता का विचारलं तर दोनदा विचारावं लागतं."

मग देगलूरचं शूटिंग आलं. मंगल कार्यालयात टेबलं मांडलेली, लोक पिशव्या घेऊन रांगेत. चाळिशीतली एक बाई पितळी पानदान घेऊन आली. झेडपीच्या शाळेत शिक्षिका होती. गोल डबा, झाकणावर वेलबुट्टी, आत चुना, कात, सुपारीच्या वाट्या. पानदान सासूबाईंच्या माहेरचं, असं तिनं सांगितलं. चौदा वर्षांच्या असताना सासूबाई बोधनकडून लग्न होऊन देगलूरला आल्या. वाटेत मांजरेला पाणी होतं. गाडी पाण्यात घातली तेव्हा बाकी सामान भिजलं, पण त्यांनी पानदान मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

ही गोष्ट मी ऐकली होती. नुसती ऐकली नव्हती, हॉलमध्ये उभा राहून माझ्या तोंडानं सांगितली होती. पानदान, मांजरा, मांडीवर धरलेला डबा, सगळं. मी पानदान पालथं केलं. बुडाला लाल ऑइलपेंटचा सातचा आकडा होता, अर्धा घासलेला. हर्रासाच्या मालावर आकडे मीच घालायचो आणि माझ्या सातला खाली गाठ असते. गाठ दिसत होती.

कॅमेरा चालू होता. बाई माझ्याकडं बघत होती. निर्मातीनं मागून हातानं खूण केली, बोला.

"खरं आहे," मी म्हणालो. "पानदान त्याच काळातलं आहे."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंतर निर्माती म्हणाली की आजवरचा हा सगळ्यात चांगला भाग झाला. तो कापा, असं मी तिला सांगायचं ठरवत राहिलो आणि तेवढ्यात तो दाखवलाही गेला.

पुढचे काही दिवस जेवणात लक्ष नव्हतं. गोष्ट मीच बनवली होती, याची मला खात्री होती. नंतर वाटायचं, बोधन कुठून सुचलं मला? मी बोधनला कधी गेलो नाही. शेवटी बायको म्हणाली, "जाऊन सांगून या त्या बाईला. इथं बसून काय कळणार हाय?" वाहिनीकडून पत्ता घेतला आणि देगलूरची एसटी धरली.

शिक्षिका शाळेतून नुकतीच आली होती. तिनं मला सासूबाईंपुढं बसवलं. ऐंशीच्या पुढची बाई, दात नाहीत, पण पान चालू. अडकित्त्यानं नाही, खलबत्त्यात कुटून. पानदान शेजारीच होतं. बोलण्यात मराठीत तेलुगू मिसळायची.

मी सरळ सांगितलं की हे पानदान नांदेडच्या हर्रासात मी विकलं होतं आणि नदीची गोष्ट बोली वाढावी म्हणून मनानं जोडली होती. माफी मागितली.

तिनं कुटणं थांबवलं. "तू कशाला जोडशील? मीच सांगितली होती तुझ्या शेठला."

तिचं म्हणणं असं होतं की मालक, म्हणजे तिचा नवरा, आजारी पडले तेव्हा घरातलं पितळ शेठकडं दिलं. देताना तिनं शेठला सगळं सांगितलं, रडलीही. पुढं मालक बरे झाले, हर्रासाला गेले आणि पानदान बोली लावून परत घरी आणलं.

"म्हंजे हे तुमचंच?" मी विचारलं.

"अवुनु," ती म्हणाली. "माझंच हाय."

मला इतकं हलकं वाटलं की मी चहा मागून घेतला. चहा पिता पिता ती पुढं सांगू लागली. हर्रास लातूरला झाला होता म्हणाली. पुकारणारा जाड्या मिशांचा होता आणि त्याच्या डोक्यावर काळी टोपी होती. मी मिशी कधी ठेवली नाही. टोपीही घातली नाही. आणि लातूरला आम्ही एकही हर्रास केला नाही. मी सातचा आकडा तिला दाखवला. तिनं बोट फिरवून बघितलं आणि हा तर आधीपासूनच होता असं सांगितलं.

शिक्षिका मला स्टँडपर्यंत सोडायला आली. स्कूटीवर मागं बसून मी तिला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या हेच सांगतात. मामंजींनी ते नांदेडहून आणलं, एवढं मला माहीत. पहिल्यांदा आणलं का परत आणलं, ते आता कुणाला विचारू? मामंजी राहिले नाहीत."

शेठही राहिले नव्हते. हॉलच्या वह्या त्यांच्या मुलांनी रद्दीत घातल्या. मुलांना फोन केला तर पानदान म्हणजे कोणतं, असं त्यांनीच मला विचारलं.

लातूरला जाऊन निर्मातीला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग काका, नक्की काय आहे?" मला माहीत नाही, मी म्हणालो. हे दाखवता येणार नाही, ती म्हणाली, पण मला कार्यक्रमातून काढलं नाही. मी मात्र एक अट घातली. माहीत नसेल तिथं मी तसं बोलणार. ती हो म्हणाली, नाइलाजानं.

पुढचं शूटिंग किनवटला होतं. आश्रमशाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी लाकडी पेटी घेऊन आले. वर कोरलेले मोर. पेटी कुठली, लाकूड कोणतं, मला काही सांगता येईना. "गुरुजी, मला हे ठाऊक न्हाई," मी म्हणालो. "तुमच्या घरात काय सांगतात?"

ते आधी गोंधळले, चिडल्यासारखेही दिसले. इतक्या लांबून आलोय, असं पुटपुटले. मग बसले आणि बोलायला लागले. वडील रेल्वेच्या कामावर होते, पेटीत त्यांच्या डब्याबरोबर बाबासाहेबांचा फोटो असायचा, आणि मोरांचे डोळे लहानपणी गुरुजींनी स्वतःच खिळ्यानं टोकरले होते. मोर आधी कुणी कोरले ते त्यांनाही माहीत नव्हतं. लाइट बंद झाले तरी आम्ही बोलत होतो.

कार्यक्रम अजून चालू आहे. मी 'आहे' कमी म्हणतो. 'ठाऊक नाही' म्हटलेलं निर्माती कधी ठेवते, कधी कापते. मी बघत नाही, बायको बघते. मागच्या आठवड्यात एका सुरईबद्दल मी काय बोललो ते तिनं मला सांगितलं, तेव्हा मी तसं बोललो होतो का, ते मला आठवेना. तिनं दोनदा सांगितलं. बोललो असेन.