एकाआड एक

शकुबाईची पहिली दोन मुलं पाळण्यातच गेली. मग शेवंता झाली, ती कुणी काही न करता जगली. तिच्या पाठीवर मुलगा झाला तेव्हा सासूनं त्याचं नाव दगडोबा ठेवलं. दगडाला कोण नेणार, असं तिला वाटायचं.

१९४० च्या उन्हाळ्यात वसमतच्या बाजूला लेकरं तापानं पडू लागली. डोकं ठणकायचं, मान लाकडासारखी ताठ व्हायची आणि चार दिवसांत लेकरू जायचं. शेवंता आणि दगडोबा एकाच सकाळी पडले. शकुबाईचा नवरा संतराम हळद शिजवत होता. त्यानं कढई तशीच सोडून गाडी जुंपली.

वसमतबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये तापाचा दवाखाना उघडला होता. दगडोबाला बापाच्या मांडीवर झोप लागली होती. त्याला हलवायला नको म्हणून शकुबाई शेवंताला घेऊन आधी उतरली. एवढ्यावर सगळं ठरलं.

डॉक्टर व्यंकटराव हैदराबादेहून नव्या पांढऱ्या गोळ्या घेऊन आले होते. त्या खरंच गुण देतात का, हे त्यांना पाहायचं होतं. लेकरं ज्या ओळीनं येतील त्या ओळीनं एकाला गोळ्या द्यायच्या, पुढच्याला द्यायच्या नाहीत. शेवंताला गोळ्या मिळाल्या. दगडोबाला नाही.

संतरामला हे कळलं तसा तो डॉक्टरांच्या पायाशी बसला. "साहेब, पोरीची गोळी पोराला द्या. पोरगी ऱ्हायली काय अन् न्हाई काय."

"मी निवडायला लागलो तर गोळीचा गुण कधीच कळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि तो कळल्याशिवाय सरकार जास्त गोळ्या पाठवणार नाही. उठा."

ते ओरडले नाहीत. संतरामला त्याचाच जास्त राग आला. बाहेर येऊन त्यानं शकुबाईचं मनगट पिरगाळलं. "तूच तिला आधी उतरवलीस. आता तूच बघ काय करायचं ते."

गोळी द्यायला कंपाउंडर जलालुद्दीन यायचा. त्याची पाठ वळली की शकुबाई शेवंताच्या गालातली गोळी बोटानं काढायची आणि पाण्यात कालवून दगडोबाच्या ओठांत सोडायची. ताप उतरू लागलेली शेवंता आईकडे बघत तोंड उघडायची. तिला वाटायचं, असंच असतं.

दोन दिवसांत शेवंताचा ताप पुन्हा चढला. दगडोबाची मान काही सैल झाली नाही. तिसऱ्या दिवशी जलालुद्दीननं शकुबाईचा हात धरला. "क्या कर रही बाई? इसकी गोली निकालके उसको? दोनों को मारेगी!"

डॉक्टरांनी तिला शेडबाहेर काढलं. दगडोबा दुपारी गेला. ती तेव्हा काटेरी कुंपणापलीकडे बसली होती. मोठमोठ्यानं रडणारी दुसरीच एक बाई होती, म्हणून आपलंच लेकरू गेलं हे तिला उशिरा कळलं.

संध्याकाळी डॉक्टर तिच्यापाशी आले. "तुझी दोन्ही मुलं मी मोजणीतून काढली," ते म्हणाले. "कोणाला किती औषध गेलं, हे आता सांगता येत नाही. तू मध्ये पडली नसतीस, तर तुझ्या मुलाचं मरण निदान दुसऱ्यांच्या उपयोगी पडलं असतं."

"मंग त्यो काहून मेला, साहेब?" शकुबाईनं विचारलं.

डॉक्टर वळून आत गेले.

शेवंता वाचली. घरी आल्यावर आईनं हाक मारली तर तिनं मान वळवली नाही. शकुबाईनं तिच्या कानाशी पितळी आपटली, तरी ती जात्यावर बसलेल्या चिमणीकडे बघत राहिली. तिचे दोन्ही कान गेले होते. ते तापानं गेले की काढून घेतलेल्या गोळ्यांनी, हे शकुबाईनं पुढं कित्येकांना विचारलं. नक्की कोणीच सांगितलं नाही.

"हिनं माझ्या पोराचं औषध खाल्लं," संतराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, शेवंतासमोरच. तिला ऐकू येत नव्हतं, आणि बाप आपल्याकडे बोट दाखवतोय म्हणून ती हसायची. ते हसणं दिसलं की शकुबाई चुलीपाशी जाऊन बसायची.

वर्षभरात संतरामनं देवला नावाची दुसरी बायको आणली. तिला मुलगा झाला. १९४७ मध्ये त्या मुलाची मान ताठ झाली. आता वसमतच्या दवाखान्यात त्या गोळ्या सगळ्यांना मिळत होत्या. शकुबाईनं त्याला उचलायला हात पुढं केले, तर संतरामनं तिला ढकललं. "तू हात लावू नगं. तीन खाल्लेस तेवढे बस्स झाले."

मुलगा आठ दिवसांत अंगणात खेळू लागला. संतरामनं गावात साखर वाटली. त्याच महिन्यात त्यानं शेवंताला वारंगा गावाकडच्या, तीन लेकरं असलेल्या एका विधुराला देऊन टाकलं. बहिऱ्या पोरीला दुसरं कोण करणार? गाडी निघाली तेव्हा शकुबाई हाका मारत मागं धावली. शेवंता पाठमोरी बसली होती. बैल वेशीबाहेर गेले.