सोनगीरची पोथी आणि आमचा भरतकामाचा क्लास

चार बायका सुई-दोरा घेऊन बसल्या की कापड बोटभर सरकतं आणि गोष्टी हातभर जमतात. धुळ्याच्या आमच्या क्लासचं तसंच झालं.

क्लास चालवायच्या गोदूअक्का. युद्धाच्या दिवसांत त्यांनी ठरवलं, गुलाब आणि पोपट पुरे. आता जुन्या हस्तलिखित पोथीची पानं कापडावर भरायची. पोथी दिली सोनगीरच्या नानांनी. त्यांच्या देवघरातली.

पहिल्याच पानावर एक जनावर होतं. मी घोडा भरला, शेजारच्या सुमतीनं हरिण. ट्रेसिंग दोघींचं एकच! अक्कांनी नानांना विचारलं. नानांनी पान डोळ्यांजवळ धरलं.

"मना बाप घोडा म्हने, मना आजा हरिण म्हने. मी नुसता पाया पडस."

अक्का म्हणाल्या, "दोन्ही राहू द्या."

*

पोथीतली अक्षरं सलग. शब्द कुठं तुटतो ते कळेना, म्हणून दिसेल तसं भरायचं ठरलं. क्लासमधल्या कमलनं इतकं मन लावून भरलं की कसरीनं पाडलेली भोकंही काळ्या दोऱ्यानं उतरवली. एक शास्त्रीबुवा कापड वाचायला आले आणि अडखळले.

"इतके अनुस्वार कोणत्या भाषेत असतात?"

कमल खाली बघत म्हणाली, "किड्याच्या."

*

मग बाजारातून तांबडा दोराच नाहीसा झाला. सुमतीनं गुपचूप लग्नातल्या लुगड्याचा काठ उसवला आणि त्या रेशमानं चित्रातल्या राजाचं पागोटं भरलं. झकास दिसलं. एकदा तिचे यजमान तिला न्यायला आले नि पागोट्यासमोर उभे राहिले.

"हा रंग कुठंतरी पाहिलाय."

"पोथीत असेल," सुमती म्हणाली.

*

एका पानाचा कोपरा उंदरांनी खाल्लेला. तिथं काय होतं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कापडाचा तेवढा कोपरा अक्कांनी कोरा ठेवला. दिवाळीला खोलीला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून त्या दोंडाईच्याला भावाकडे गेल्या. परत येऊन आमच्यासमोर कुलूप उघडलं, तर कोपऱ्यात मोर भरलेला.

टाका आमच्यापैकी कुणाचाच नव्हता. अक्कांनी एकेकीला विचारलं. सगळ्या नाहीच म्हणाल्या. शेवटी त्यांनी कात्री घेतली.

"जे पोथीत नाही, ते कापडावर नको."

तेवढ्यात नाना पोथी न्यायला आले. मोर दिसला तसे दारातच थबकले.

"अक्का, उसवू नका. हाऊ मोर पोथीमा व्हता. मी धाकला व्हतू तवय देखेल शे."

अक्कांनी कात्री खाली ठेवली. "नाना, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कोनलेच नही," नाना म्हणाले. "माले बी आत्तेच याद वनी."