खेचराच्या गाण्याचा धनी

पुण्यात इंजिनिअरिंगला असताना होस्टेलवरच्या एका सीनियरने मला एक कॅसेट दिली होती. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या खेड्यांतले कृष्णवर्णीय गायक, एकटेच गिटार घेऊन बसलेले. या संगीताला कंट्री ब्लूज म्हणतात हे मला पुढे कळलं. त्यातलं एक गाणं मी टेप झिजेपर्यंत ऐकलं. नदी ओलांडायला तयार नसलेल्या खेचराचं गाणं होतं ते. गाणारा ओळीतला शेवटचा शब्द गायचाच नाही, गिटारकडून वदवून घ्यायचा. त्याने तरुणपणी एकच रेकॉर्ड केली आणि तो नाहीसा झाला. वारला असेल, असंच सगळे धरून चालले होते.

गेल्या वर्षी एका शनिवारी सकाळी, अबू धाबीत अल रीम आयलंडवरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये, मी आणि मुलगी पोहून वर घरी निघालो होतो. सातव्या मजल्यावर कुणीतरी उतरलं, लिफ्टचं दार उघडं राहिलं आणि कॉरिडॉरमधून तेच गाणं ऐकू आलं! रेकॉर्ड नव्हती ती. कुणीतरी अडखळत, पुन्हा मागे जाऊन वाजवत होतं. मी ओल्या चपलांनिशी बाहेर पडलो.

"बाबा, धिस इज नॉट अवर फ्लोअर!"

मी तोवर बेल दाबली होती. दार एका अमेरिकन शिक्षिकेने उघडलं. मागे सोफ्यावर तिचे वडील बसले होते, ऐंशीच्या घरातले, सडपातळ, करंगळीत गिटारच्या तारांवर घसरवायची काचेची नळी घातलेली. मी इंग्रजीत कसंबसं विचारलं, "सर, हे गाणं कुठे शिकलात?"

"शिकलो नाही. माझंच आहे."

मी सरळ पहिली ओळ गायलो आणि शेवटचा शब्द सोडला. त्यांनी तो तारेवर वाजवला. मग गिटार खाली ठेवून म्हणाले, "ती रेकॉर्ड कुणी घेतलीच नाही, असं मला सांगितलं होतं."

दोन वर्षं वाट पाहून त्यांनी गिटार विकली होती आणि पुढे जन्मभर ट्रक चालवला. पत्नी गेल्यावर लेकीने त्यांना अबू धाबीला आणलं. ही गिटार तिने शाळेच्या वर्गासाठी घेतलेली. वडील वाजवतात हे तिलाही आठवड्यापूर्वीच कळलं होतं!

मी धावत वर जाऊन माझी गिटार आणली आणि त्यांचंच गाणं त्यांना वाजवून दाखवलं. ते पोट धरून हसले. "इतकी घाई कशाला? खेचर आहे ते, घोडा नाही." आमचा होस्टेलचा टेपरेकॉर्डर भरभर चालायचा, आणि मी तीस वर्षं तसंच वाजवत आलो होतो.

जूनमध्ये आमच्या बेडरूममध्ये आम्ही त्यांची नवी गाणी रेकॉर्ड केली. एसीची घरघर नको म्हणून तो बंद, बाहेरचा आवाज नको म्हणून खिडक्यांवर बायकोने गोधड्या लावलेल्या. आम्ही सगळे घामाने निथळत होतो. बायको कळवळून म्हणाली, "अरे, आजोबांना त्रास होईल, पुरे कर." त्यांना अर्थ कळला असावा. इथे येऊन शिकलेला एकुलता एक अरबी शब्द त्यांनी जोरात उच्चारला, "यल्ला!" म्हणजे चला, आणि सलग तीन गाणी वाजवली. दाराशी उभी असलेली त्यांची लेक रडत होती आणि पायाने ठेका धरत होती.

ते रेकॉर्डिंग मी अमेरिकेतल्या, जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्या एका संग्राहकाला पाठवलं. त्याचा उलट फोन आला तेव्हा तो नुसता ओरडतच होता. आता एक छोटी कंपनी जुनी-नवी गाणी एकत्र काढते आहे. जुन्या लेबलवर त्यांचं आडनाव चुकीचं छापलं होतं, म्हणून शोधणाऱ्यांना ते कधी सापडलेच नाहीत. काल नव्या कव्हरचा नमुना आला. आजोबांनी चष्मा पुसला, नावावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचलं. त्यांची लेक आणि आम्ही तिघं त्यांच्या बोटामागोमाग अक्षरं वाचत होतो.

"बरोबर आहे," ते म्हणाले.