खाद्यतेलाचं डिझेल आणि एक निळा कॅन

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवताना गोंधळ होतो. पण भोपाळमधल्या त्या लग्नाच्या दिवसाचं प्रकरण सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसंच्या तसं आठवतं. त्यातल्या कोणाचंही नाव मी घेणार नाही. बहुतेक माणसं अजून याच शहरात राहतात.

मी तेव्हा इंद्रपुरीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे त्याला टी.आय. म्हणतात. वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इकडे आले, मी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो आणि मध्य प्रदेश पोलिसांत भरती झालो. माझ्या हद्दीत एका मोठ्या सरकारी कारखान्याची वसाहत होती. सरळ रस्ते, एकसारखी क्वार्टर्स, आणि नोकरभरती थांबल्यापासून ओळीच्या ओळी रिकाम्या. तक्रारी यायच्या त्या सायकल चोरीच्या, नाहीतर पाण्याच्या भांडणाच्या.

त्या दिवशी हजेरी आटोपून मी ड्यूट्या वाटत होतो, तेवढ्यात वसाहतीतल्या एक बाई आल्या. नवरा कारखान्यात टेक्निशियन, माहेर अमरावतीचं. खुर्चीत बसताच त्यांनी सुरुवात केली.

“साहेब, आमच्या मागच्या लाइनीत ते बंद क्वार्टर आहे ना, तिथे काहीतरी गडबड आहे. ड्रम येतात, ड्रम जातात. नालीत पांढरा फेस असतो. काठावरचं गवत सगळं जळून गेलं. आणि वास स्पिरिटसारखा. दारू काढतात बहुतेक.”

“कोण येतं तिथे?”

“एक रिटायर्ड इंजिनिअर साहेब. माणूस भला दिसतो, म्हणून इतके दिवस चूप बसले. पण आज वास फारच आला. खिडक्या लावून घेतल्या आणि सरळ इकडे आले.”

भोपाळमध्ये वासाची तक्रार कोणी हसण्यावारी नेत नाही. माझ्या पिढीचा माणूस तर नाहीच नेत. कसला वास आहे हे कळेपर्यंत इथे जीव थाऱ्यावर राहत नाही. मी रोजनाम्यात नोंद करायला सांगितलं आणि एक हवालदार, दोन शिपाई आणि दोन पंच घेऊन निघालो.

क्वार्टरचं पुढचं दार बंद, मागचं उघडं. आत साठीपुढचे एक गृहस्थ रबरी हातमोजे घालून उभे होते. भिंतीला लागून काळपट तेलाचे ड्रम, मधोमध नळ बसवलेलं उंच पातेलं, खिडकीत काचेच्या बाटल्या. प्रत्येक बाटलीत वर सोनेरी थर आणि खाली काकवीसारखा दाट थर. दारूच्या भट्टीवर मी अनेकदा छापे घातले होते. ही भट्टी नव्हती, एवढं दारातच कळलं.

हवालदाराने सवयीने बिडी काढली, तसे ते गृहस्थ ओरडले, “काडी ओढू नका! बाहेर व्हा आधी!” मग आवाज खाली आणून मला म्हणाले, “माफ करा. इथे मिथेनॉल आहे. दिवसाउजेडी त्याची ज्वाळा दिसतही नाही. माणूस पेटलाय हे शेजारच्याला कळत नाही.”

आम्ही मागच्या अंगणात आलो. तिथे त्यांनी सगळं सांगितलं. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, मूळ पुण्याचे. वापरलेल्या खाद्यतेलापासून ते बायोडिझेल बनवत होते. त्या वर्षांत सगळीकडे रतनजोतीच्या लागवडीचं बोलणं चालू होतं, बियांपासून डिझेल निघणार म्हणून. यांचं म्हणणं, बी कशाला पेरायचं? शहरात कचोरी-समोसे तळून काळं झालेलं तेल रोज निघतं. ते नालीत ओततात, नाहीतर परत विकतात आणि गरिबाच्या पोटात जातं. ते गाळायचं, गरम करायचं, मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळून ढवळायचं. खाली ग्लिसरीन बसतं, वर इंधन येतं. ते पाण्याने धुवून वाळवलं की डिझेलच्या इंजिनात चालतं.

“माझी जीप यावर चालते. शेजारच्या शाळेचा जनरेटर चालतो,” ते म्हणाले. “काळा धूर जवळजवळ नाही. मागे चालणाऱ्याला कचोरीचा वास येतो, एवढंच.”

तक्रार करणाऱ्या बाई एव्हाना कुंपणाशी येऊन उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, “धूर कमी झाला म्हणता, पण आमच्या नालीचं काय? ते धुतलेलं पाणी तिथेच सोडता ना?”

इंजिनिअरांनी नालीकडे पाहिलं. पाणी तिथेच जात होतं, कॉस्टिकसकट.

मिथेनॉल ठेवण्याचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. जप्ती करावीच लागणार होती. कॅन बाहेर काढायला मी त्यांना बरोबर घेऊन आत गेलो. एका कॅनचं झाकण सैल होतं, सकाळचा वास त्याचाच. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत ते थांबले. मी आजवर खूप माणसांना घाबरताना पाहिलंय. चेहऱ्यावरचं रक्त असं उतरताना क्वचितच.

“इथे आणखी एक होता,” ते म्हणाले. “निळा. भरलेला.”

“कोणी नेला असेल?”

“ते नंतर बघा. साहेब, त्याला दारूसारखा वास येतो. कोणी दारू समजून प्यायलं तर?”

पुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. विषारी दारूने गेलेली माणसं मी शवागारात नातेवाइकांकडून ओळखवून घेतली होती. पंचनामा हवालदारावर सोपवून मी नियंत्रण कक्षाला कळवलं, सरकारी रुग्णालयाला सावध केलं, आणि हद्दीतल्या सगळ्या अड्ड्यांवर निळा कॅन शोधायला माणसं पाठवली.

इंजिनिअरांनी सांगितलं, सकाळी तिथे एकच माणूस येऊन गेला होता. जवाहर चौकातल्या नमकीनच्या दुकानांतून तेल गोळा करून आणणारा लोडिंग ऑटोवाला. चाळिशीचा, मिशाळ, दारूला न शिवणारा. दुपारी शिपायांना तो चौकातच सापडला. मिठाईच्या दुकानासमोर गाडी लावून उभा होता.

ठाण्यात तो खाली मान घालून बसला.

“साहब, मैंने कुछ नहीं लिया. तेल उतारा और चला गया.”

प्रश्न बदलून विचारले, उत्तर तेच. हवालदार दम देऊन बघत होता. दम दिला की तो आणखी मिटायचा. कच्चा चोर खोटं बोलताना आपल्याकडे बघतो, पटलं का हे तपासायला. हा दाराकडे बघत होता. त्याला कुठेतरी पोचायचं होतं. अड्ड्यांवरून निरोप येत होते, निळा कॅन कुठेच नाही. कुठेतरी तो कॅन उघडला असेल, आणि आम्ही इथे जबाब घेत बसलो होतो.

मग त्याच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. तेलाचं काम करणाऱ्याची नखं काळी असतात. याची पिवळी होती. मानेपाशीही पिवळा डाग होता. हळद.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं, पाणी मागवलं आणि विचारलं, “घर में शादी किसकी है?”

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “भांजी की. आज ही है.”

इंजिनिअरांना आम्ही ठाण्यावर आणून बाहेर बसवलं होतं, त्यांना मी आत बोलावलं. “चोरीचं काही बोलू नका. त्या कॅनमध्ये काय आहे, तेवढंच सांगा याला.”

ते त्याच्यासमोर बसले. अनेक महिने रोज भेटणारी ही दोन माणसं. आवाज चढला नाही. मोडक्या हिंदीत ते म्हणाले की हे प्यायल्यावर आधी काही कळत नाही, साध्या दारूसारखीच झिंग येते. माणूस झोपतो. उठतो तेव्हा पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे पांढरं धुकं दिसतं. मग काहीच दिसत नाही. मग श्वास.

ऑटोवाला ऐकता ऐकता उभा राहिला. “साहब, चलो,” एवढंच म्हणाला.

जीपमध्ये तो बोलत होता. मुलीचा मामा तो. लग्नात मामाने काहीतरी न्यावं लागतं. वऱ्हाडी मंडळींसाठी दारूची सोय मेहुण्याला, म्हणजे मुलीच्या वडिलांना, जमली नव्हती. कॅनला स्पिरिटचा वास यायचा. फॅक्टरीचा माल आहे, चांगलाच असणार, असं त्याला वाटलं. ठाण्यात कबूल केलं असतं तर पोलीस मांडवात शिरले असते आणि भाचीचं लग्न मोडलं असतं. या भीतीने तो गप्प होता.

रेल्वे लाइनीपलीकडच्या वस्तीत पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. वराकडचे दुपारीच वस्तीत उतरले होते; आता वरात गल्लीच्या तोंडाशी आली होती, बँड वाजत होता. मांडवामागे खाटेखाली निळा कॅन सापडला. निम्म्याहून जास्त रिकामा.

खरी धास्ती तिथे सुरू झाली. सगळे चांगले दिसत होते. नाचत होते, हसत होते. कोण प्यायलंय हे चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता, आणि कळेल तेव्हा उशीर झालेला असणार होता. मी विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर, “हम तो पीते ही नहीं साहब.” खाकी कपड्यांपुढे, सोयऱ्यांच्या देखत, कोण कबूल करणार? रुग्णवाहिका गल्लीबाहेर उभी होती आणि तिच्यात बसवायला माझ्याकडे एकही माणूस नव्हता.

“साहब, माइक मैं लेता हूँ,” ऑटोवाला म्हणाला.

मांडवातली गाणी थांबवून तो गाणाऱ्यांसाठी मांडलेल्या फळ्यांवर चढला.

“सब लोग सुनो. वो नीला डिब्बा मैं लाया था. चोरी करके लाया था. उसमें दारू नहीं है, ज़हर है. जिसने पी है वो खड़ा हो जाए, अस्पताल जाना है. शरम मेरी है, तुम्हारी नहीं.”

मग वराकडचा एक जण उठला. मग दुसरा. मग बँडवाल्यांपैकी एक, हातात पिपाणी घेऊनच. एकेकाला शिपाई धरून नेत होते.

मुलीचे वडील बसूनच होते. त्यांच्या बायकोने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “साहब, इनको भी ले जाओ. सबसे पहले इन्होंने चखी थी. दोपहर में.”

“फेरे हो जाने दो,” ते म्हणाले. “बाप हूँ. फिर चलता हूँ.”

नवरी नथ सावरत बाहेर आली. “पापा, पहले अस्पताल. नहीं तो मैं नहीं बैठूँगी.”

ते उठले. कन्यादान त्यांच्या थोरल्या भावाने केलं. मी हवालदाराला तिथेच ठेवलं, सोयऱ्यांमध्ये कुरबुर होऊन लग्न मोडू नये म्हणून. ते मोडलं नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी उतारा म्हणून शुद्ध अल्कोहोलच द्यायला सुरुवात केली, तेव्हा माझे शिपाई चक्रावले. डॉक्टर म्हणाले, “शरीर आधी ही दारू पचवत बसतं. तेवढ्यात ते विष बाहेर काढायला आम्हाला वेळ मिळतो.” दुसऱ्या दिवशी एक-दोघांना धुकं दिसायला लागलं आणि हळूहळू निवळलं. जीव सगळ्यांचा वाचला. मुलीच्या वडिलांनी मात्र दुपारीच घेतली होती. त्यांना पुढे उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं.

इंजिनिअरांवर विषारी पदार्थ निष्काळजीपणे ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यांनी तो पहिल्याच तारखेला कबूल केला. रुग्णालयात ते रोज यायचे, पेशंटच्या नातेवाइकांसाठी चहा घेऊन. एकदा मला म्हणाले, “इंजिनातून काय बाहेर पडतं, तेवढंच बघत राहिलो मी. दाराला कुलूप नाही हे दिसलं नाही.” आज वापरलेलं तेल गोळा करून मोठे कारखाने रीतसर हेच इंधन बनवतात. त्याबद्दल वाचलं की मला त्यांची आठवण येते. माणसाची कल्पना बरोबर होती.

ऑटोवाल्यावर चोरीचा आणि जीव धोक्यात घातल्याचा खटला चालला. मुलीचे वडील फिर्यादी पक्षाचे साक्षीदार. सरकारी वकिलाने नेहमीप्रमाणे विचारलं, आरोपीला ओळखता का? साक्षीदार पिंजऱ्यात चाचपडत उभे होते. ते म्हणाले, “दिखता नहीं हुज़ूर. बोलने को कहिए.”

न्यायाधीशांनी परवानगी दिली. ऑटोवाल्याने समोरचा कठडा धरला. मग म्हणाला, “जीजाजी.”

“यही है,” साक्षीदार म्हणाले. “इसी ने माइक पे बोला था. मैंने सुन के भी नहीं सुना. ये भी लिख लीजिए.”

ते लिहून घेतलं गेलं. शिक्षा झाली, पण कमी झाली.

पुढे नवे उपनिरीक्षक माझ्या हाताखाली यायचे, तेव्हा मी त्यांना हे प्रकरण सांगायचो. आरोपी गप्प बसला की आपल्याला वाटतं तो आपल्याला घाबरलाय, आणखी घाबरवलं की बोलेल. पण बऱ्याचदा त्याच्या मनात वेगळीच भीती असते. कोणाच्या घरी काय होईल, कोण तोंड फिरवेल, याची. ती भीती ओळखेपर्यंत चौकशी सुरूच झालेली नसते. त्या दुपारी मला ती ओळखायला जो वेळ लागला, तेवढ्यात गल्लीतल्या मांडवात पेले भरले जात होते. उपनिरीक्षक ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे. त्यांच्यातल्या कोणी पुढे कुठल्या आरोपीला आधी पाणी विचारलं का, मला माहीत नाही.