देवीचा बोकड, आमच्या घरातला

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. कोणाच्या हाती ही वही पडलीच तर आधीच माफ करावं. चौथीत शाळा सुटली, त्यानंतर पेन हातात आलं ते सही करायला, नाहीतर वाण्याची यादी करायला. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे, हे मी अजून अंदाजानेच लिहिते. मुलीच्या जुन्या वहीत मागची बरीच पानं कोरी होती, ती फुकट जाऊ नयेत म्हणून बसले. मला माझ्या सासूबाईंबद्दल लिहायचं आहे. चार माणसांत मला बोलता येत नाही, आणि त्यांच्या तोंडावर त्यांना चांगलं म्हणणं तर या जन्मात जमायचं नाही. त्यांना वाचता येत नाही, म्हणून इथे मोकळेपणाने लिहिते.

आम्ही शहाडला बैठ्या चाळीत राहतो. सासूबाई स्टेशनबाहेर पालेभाजी विकतात. मी एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. आमचे हे वागळे इस्टेटला एका कारखान्यात मशीनवर आहेत. चार वर्षांपूर्वी ह्यांना डेंग्यू झाला. रोज रक्त तपासायचे आणि रोज डॉक्टर म्हणायचे, पेशी अजून खाली आल्या. पाचव्या दिवशी सासूबाई दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहिल्या आणि गावाकडच्या आमच्या देवीला बोकड बोलल्या. "माझं पोर घरी येऊ दे. वर्षाचा बोकड तुला वाहीन." मी शेजारीच होते. मीही हात जोडले. आठव्या दिवशी हे घरी आले.

तयार बोकड घेण्याएवढे पैसे दवाखान्यानंतर कोणाकडे राहणार? सासूबाई म्हणाल्या, लहान करडू घेऊ, रोज पाला उरतोच, वाढवू. दिवाळीनंतर त्या कल्याणच्या बाजूच्या एका शेळ्यावाल्याकडून करडू घेऊन आल्या. मेथीच्या रिकाम्या टोपलीत बसून ते आलं. सगळं काळं आणि एकच कान पांढरा. मुलीने लगेच विचारलं, "ह्याचं नाव काय ठेवायचं?"

"नाव ठेवायचं न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "नाव ठेवलं की माया लागती. ह्यो देवीचा हाय."

झालं, तेच त्याचं नाव पडलं. देवीचा जेवला का? देवीच्याने माझी मराठीची वही खाल्ली. देवीच्याला उन्हातून आत घ्या. माया लागायची ती लागलीच, आणि पहिली त्यांनाच लागली. पहिले दोन महिने त्या त्याला बाटलीने दूध पाजायच्या, तेही मांडीवर घेऊन. आम्ही बघतोय असं वाटलं की म्हणायच्या, "देवीला काय मरतुकडं देऊ व्हय?"

हे आजारातून उठले तेव्हा पायात जोर नव्हता. संध्याकाळी देवीच्याची दोरी धरून नदीच्या बाजूला हळूहळू चालत जायचे. हे थांबले की तोही थांबायचा. चाळीतले लोक म्हणायचे, कोण कोणाला फिरवतंय तेच कळत नाही. मुलगी त्याला टेकून पाढे पाठ करायची. सासूबाई सकाळी चहा बशीत ओतायच्या, अर्धी बशी स्वतः प्यायच्या आणि उरलेली त्याच्यापुढे धरायच्या. त्याला थंड चहा चालायचा नाही.

वर्षाचा झाल्यावर त्याला बोकडाचा वास यायला लागला. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "तुमच्या देवीच्याचा वास आमच्या आमटीला येतोय हो." त्या दिवसापासून सासूबाई दर रविवारी ओट्यावर त्याला आंघोळ घालू लागल्या. पहिल्या वेळी त्याने अंग झाडलं आणि त्यांचं धुतलेलं लुगडं पार भिजवलं. त्यांनी बोट दाखवून दम भरला, "हलायचं न्हाई! पुसल्याबिगर हलायचं न्हाई!" मग ह्यांच्या जुन्या टॉवेलने त्याला पुसलं आणि गुळाचा खडा दिला. चार-पाच रविवारांत तो शिकला. डोक्यावरून बादली ओतली तरी दगडासारखा उभा राहायचा, आणि पुसायला सोपं जावं म्हणून पुढचा उजवा पाय स्वतःच उचलून धरायचा. चाळीतली पोरं हे बघायला जमायची. सासूबाई वरून रागावायच्या, पण रविवारी पोरं आली नाहीत तर बादली भरायला उशीर लावायच्या.

चैत्रात जत्रा. कळव्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या दिरांनी टेम्पो ठरवला, पाहुण्यांना निमंत्रणं दिली, मसाला दळून आणला. मुलीला आम्ही माहेरी ठेवलं. सासूबाई आठवडाभर कोणाशी बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही, कारण मला उत्तराची भीती होती. खरं लिहायचं तर मला तो बोकड आवडायचा, पण माझा नवरा त्याच्यापेक्षा जास्त आवडतो. नवस राहिला आणि ह्यांना काही झालं तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात फिरत होता.

आमच्याकडे रीत अशी आहे की देवळासमोर बोकडाला हळदकुंकू लावून त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. त्याने अंग झाडलं, शहारलं की देवीने त्याला मान्य केलं. त्यानंतरच पुढचं. नाही झाडलं तर थांबायचं. कोणतंही बकरं पाणी पडलं की झाडतंच, त्यामुळे थांबायची वेळ कधी येत नाही.

गुरवाने तांब्यातलं पाणी शिंपडलं. देवीचा उभा. गुरवाने आणखी शिंपडलं. देवीचा उभाच.

"पाठीवर ओता की सगळं," दीर म्हणाले.

अख्खा तांब्या ओतला. पाणी पोटावरून गळत होतं आणि तो मान ताठ करून सासूबाईंकडे बघत होता. मग त्याने पुढचा उजवा पाय उचलला आणि तसाच धरून ठेवला.

पाहुण्यांत हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "शहराचं पाणी प्यालाय. शॉवर लागत असंल त्याला!" दुसरा म्हणाला, "कानात घाला थोडं, मग बघा कसा नाचतो." कानात घातलं. त्याने फक्त डोळे मिटून घेतले. मी मनात म्हणत होते, झाड रे बाबा, एकदा झाड आणि सोडव आम्हाला. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. फक्त एकदा सांगितलं, ते पुढे लिहिते.

बराच वेळ गेल्यावर गुरव तांब्या खाली ठेवून म्हणाला, "मावशी, देवीला नकोय हा. अशी येळ मी बघितली न्हवती. नवस पावला समजा आणि घरी न्या त्याला."

सगळ्यांना ते पटलं. दिरांनासुद्धा पटलं. ह्यांनी तर मोठा श्वास सोडला. सासूबाईंनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी बोकड वाचला असता, नवस फिटला असता आणि कोणी एक शब्द बोललं नसतं. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि देवीचे आभार मानले असते.

त्या पुढे आल्या. पदराने देवीच्याचं तोंड पुसलं, मग तो उचललेला पाय पुसला. आणि गुरवाला म्हणाल्या, "न्हाई. देवीवर ढकलू नका. तिनं काय नाकारलं न्हाई. ह्याला म्याच शिकिवलंय, पुसल्याबिगर हलायचं न्हाई म्हनून. दर ऐतवारी शिकिवलंय."

"मग आता?" गुरव म्हणाला.

त्या देवळाकडे वळल्या. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू आलं. "आई, म्या शब्द दिला व्हता, तो म्याच मोडती. ह्याला द्यायला माझा हात हुईत न्हाई. कुनाचा दोष न्हाई, माझ्या पोराचा तर अजिबात न्हाई. ह्याची काय किंमत हुईल ती तुला देईन. सवडीनं देईन, पर पुरी देईन."

दीर भडकले. "अगं आई, तो गुरवच सोड म्हणतोय ना! फुकटात सुटतेयस तर अंगावर कशाला ओढून घेतेस?"

"फुकटात सुटायला म्या खोटं बोलू व्हय? ते बी हितं, तिच्या दारात?"

"एकशे एक टाका पेटीत," गुरव समजावत म्हणाला, "लोक तसंच करतात."

"एकशे एकाला बोकड मिळतो का तुमच्या गावात?" सासूबाई म्हणाल्या. यावर गुरव हसला आणि त्याने हात जोडले.

पाहुणे उपाशी नको म्हणून दिरांनी गावातून मटण आणलं. आम्ही काही माळकरी नाही, सगळे जेवलो, सासूबाईही जेवल्या. देवीचा टेम्पोच्या सावलीत भाकरी खात होता.

घरी आल्यावर त्याचं वजन करायचं ठरलं. मटणवाल्याकडे काटा होता, पण सासूबाई म्हणाल्या, खाटकाच्या काट्यावर त्याला उभा करणार नाही. म्हणून भंगारवाल्याकडे गेलो. जुन्या कुलरच्या आणि सायकलींच्या मध्ये देवीचा काट्यावर ऐटीत उभा राहिला. बेचाळीस किलो भरला. भंगारवाला म्हणाला, "मावशी, लोखंडापेक्षा भारी माल आहे." मग त्या एकट्याच मटणवाल्याकडे जाऊन जिवंत वजनाचा भाव विचारून आल्या. किलोला पाचशे. एकवीस हजार झाले. करडू घेतलं होतं तीन हजाराला.

"तीनच टाका ना आई," हे म्हणाले. "आपण तेवढेच मोजले होते."

"देवीला तीन हजाराचं करडू बोलले न्हवते. वर्षाचा बोकड बोलले व्हते."

"बरं, मग मी देतो. माझ्यासाठीच नवस होता."

"तुझ्या जिवासाठी बोललेलं तुझ्याच पैशानं फेडू? मग माझं काय गेलं?"

त्यांनी ह्यांचा एक रुपया घेतला नाही. पहाटे एक खेप जास्त आणू लागल्या, शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता ठेवायला लागल्या. पानाची सवय होती, ती सोडली. देवीच्याचा पाला मात्र कमी केला नाही.

त्याच पावसाळ्यात ह्यांना परत ताप आला. दीर कळव्याहून आले आणि खाटेपाशी उभे राहून म्हणाले, "बघ आई. आता तरी डोळे उघड. तो बोकड दारात आणि हा खाटेवर." देवीचा खरंच दारातच उभा होता, ह्यांच्याकडे बघत.

सासूबाई ह्यांच्या कपाळावरची पट्टी बदलत होत्या. पहिली सुकायच्या आतच दुसरी ठेवत होत्या. पण बोलल्या त्या अशा, "देवी काय सावकार हाय व्हय, हप्ता ऱ्हायला म्हनून दारात यायला? ताप हाय, रगत तपासा."

रक्त तपासलं. साधा ताप निघाला. चार दिवसांत हे उठले. ते चार दिवस सासूबाईंनी कसे काढले ते मला माहीत आहे, कारण मी त्यांच्या शेजारी झोपते. पण त्यांनी एकदाही असं म्हटलं नाही की चूक झाली.

हे बरे झाल्यावर एका दुपारी त्या ओट्यावर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. देवीचा काड्या खात होता. मी माझ्या पगारातले हजार रुपये त्यांच्यापुढे ठेवले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी आपणहून त्यांच्याशी बोलायला बसले ती ही पहिली वेळ असेल.

"आई, हे त्यात घाला."

"का?"

"जत्रेत सगळे थांबले होते तेव्हा मी मनात म्हणत होते, ह्याने अंग झाडावं." मी एक काडी देवीच्यापुढे धरली. "ह्याच्यापुढे रोज जेवण ठेवते, आणि तेव्हा मला हा मेलेला चालला असता."

त्यांनी जुडी बांधून पूर्ण केली. "ठाऊक हाय मला. तुझ्या तोंडावर दिसत हुतं. तुझा नवरा हाय तो, तू तेच म्हननार. म्या बी आदल्या दिवसापर्यंत तेच म्हनत हुते." मग पैसे उचलून कनवटीला लावले. "तुझं चालतंय, जिन्यात तू बी हात जोडले हुते. लेकाचं चालत न्हाई."

त्यानंतर दर महिन्याला मी तीनशे, कधी पाचशे देत गेले. त्यांनी कधी मागितले नाहीत आणि मी कधी विसरले नाही. पुढच्या जत्रेला नऊ हजार झाले होते, ते पेटीत टाकले. बारा राहिले. दीर त्या वर्षी आमच्याबरोबर आले नाहीत. देवीच्याला विकत मागायला मात्र लोक येऊन गेले. बकरी ईदच्या आधी एकाने पस्तीस हजार सांगितले. सासूबाईंनी त्याला चहा पाजला आणि म्हणाल्या, "ह्यो देवीचा हाय, आन् अजून तिचं देनं फिटायचं हाय. माझा न्हाई तो इकायला." तो माणूस बिचारा उठला, जाताना देवीच्याच्या पाठीवरून हात फिरवून गेला.

या वर्षीच्या चैत्रात आम्ही तिघं जत्रेला गेलो, सासूबाई, हे आणि मी. मुलगी परीक्षेमुळे शेजारच्या काकूंकडे राहिली, देवीचाही त्यांच्याकडेच राहिला. ज्यांच्या आमटीला वास यायचा, त्याच काकू. पैसे कापडी पिशवीत होते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा, भाजीच्या पाण्याने मऊ पडलेल्या.

सासूबाईंनी पिशवी गुरवापुढे ठेवली. "मोजून घ्या."

"मावशी, देवीच्या पेटीतलं कोणी मोजत नाही."

"पेटीत नंतर. आधी मोजा."

मागे रांग लागली होती, लोक कुरकुरत होते. गुरवाने पायरीवर बसून मोजायला घेतलं. मध्ये एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजले. सासूबाई त्याच्या हाताकडे बघत उभ्या होत्या आणि ओठांनी मोजत होत्या. आकडे लिहिता येत नाहीत, पण हिशोबात त्यांना कोणी फसवू शकत नाही.

"बारा हजार," गुरव म्हणाला. "पुरे आहेत."

त्यांनी एकेक गड्डी स्वतःच्या हाताने पेटीत सोडली. शेवटची गड्डी जाड होती, फटीत अडकली, तेव्हा मला म्हणाल्या, "ढकल गं तू." मी ढकलली. ती आत पडल्याचा आवाज आला. एकवीस हजार पुरे झाले.