पेट्यांवरचे दहा शब्द

आता तुमच्यापासून काय लपवायचं! चहा घ्या, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येमध्ये तोडलेलं मला आवडत नाही. अडाणी माणूस गाढवपणा करतो हे सगळेच सांगतात. पण शिकायला लागलेला माणूस केवढा गाढवपणा करू शकतो, ते मी स्वतः करून दाखवलंय. तेही भर लढाईत, जबलपूरच्या फॅक्टरीत, अख्खं एक शॉप बंद पाडून!

एकाहत्तरची लढाई. मी लाकडी पेट्यांच्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या त्या विभागात, चेकर होतो. या पेट्यांत भरून दारूगोळा आघाडीवर जायचा. माझं काम एवढंच, पेटी ठोकून पाहायची, सांधे पाहायचे, कडी पाहायची आणि वर खडूनं लिहायचं. चांगली असली तर 'ओके', नसली तर 'रिजेक्ट'. दोनच इंग्रजी शब्द! त्यांच्यावर माझं घर चालत होतं.

रिजेक्ट पेट्या फोडून त्यांच्या फळ्या आम्हा कामगारांनाच जळणासाठी स्वस्तात द्यायचे. म्हणजे दिवसभर मी लिहायचो आणि संध्याकाळी महाराजपूरच्या आमच्या एका खोलीत माझंच अक्षर चुलीत जळायचं. खोलीत मी, बायको कुसुम, आई, दोन पोरं आणि धूर.

अशात बातमी आली. शॉपात सुपरवायझरची एक जागा निघाली आहे! सुपरवायझर म्हणजे दोन खोल्यांचा क्वार्टर आणि स्वयंपाकघर वेगळं. कुसुमचे डोळे असे चमकले की विचारू नका. दुसऱ्या दिवशी तिनं शेजारणीला सांगूनही टाकलं, "आमचं स्वयंपाकघर वेगळं होऊन राहिलं बाई!"

अडचण एकच होती. मोठे साहेब स्वतः इंटरव्ह्यू घेणार होते, आणि तोही इंग्रजीत.

मी काय कमी? तसाच सायकल काढून बड्या फुहाऱ्याच्या बाजारात गेलो आणि एक जुनी डिक्शनरी घेऊन आलो. पुठ्ठा नव्हता, पण शब्द सगळे होते. रोज दहा शब्द पाठ करायचे ठरवलं. पहाटे उठून घोकायचो, सायकलवर घोकायचो, जेवताना घोकायचो. आई कुसुमला म्हणाली, "याले काय झालं वं? हा काहून पुटपुटून राहिला?"

शॉपात तर मोकळं रान! करवती इतक्या ओरडायच्या की मी "अबॅण्डन! अबॅण्डन म्हणजे सोडून देणे!" असं बोंबललो तरी शेजारच्याला पत्ता लागायचा नाही. तरी आठच दिवसांत माझी कीर्ती पसरली. आमचा तिवारी मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "वानखड़े बाबू से पूछ लो भैया, पूरी डिक्शनरी घोंट के पी गए हैं।" मी अजून 'ए' या अक्षरातच होतो, पण ते कशाला सांगा?

आता ऐका, गंमत इथं आहे. लढाईमुळे गेटवर कडक झडती. कागदाचा कपटासुद्धा आत न्यायची बंदी. मग दिवसभर शब्द पाहायचे कशावर? डोकं लढवलं! पेट्या आहेत, खडू आहे. सकाळी आल्याबरोबर दहा पेट्यांवर दहा शब्द लिहायचे. तपासत तपासत पुढे जायचं, अर्थ आठवला की फडक्यानं शब्द पुसायचा आणि 'ओके' लिहून द्यायचं. सरकारचं काम सरकारचं, माझं माझं. आहे की नाही अक्कल?

त्या दिवशी उजळणीसाठी मागचेच दहा शब्द लिहिले आणि पहिल्या पेटीला फडकं लावणार, तोच भोंगा वाजला. हवाई हल्ल्याची कवायत! सगळे पळत शॉपामागच्या खंदकात. मी खंदकात बसून डोळे मिटले आणि दहाच्या दहा शब्द अर्थासकट म्हणून पाहिले. एक चुकला नाही! पुन्हा म्हटले. पुन्हा बरोबर! अंगावर मूठभर मांस चढलं. त्या आनंदात भोंगा परत कधी वाजला तेही कळलं नाही, सगळ्यांच्या शेवटी बाहेर आलो.

शॉपात येऊन पाहतो तर माझ्या जागेवर नव्या पेट्यांचा ढीग. आधीच्या पेट्या ट्रॉलीवाल्यांनी नेल्या होत्या. मला त्याचं काही वाटायला पाहिजे होतं की नाही? काही वाटलं नाही! शब्द डोक्यात बसले होते ना, मग पेट्या डोक्यातून साफ गेल्या.

पेट्या गेल्या रंगाच्या शॉपात. तिथला नियम पक्का: 'ओके' असेल तरच रंग लावायचा, दुसरं काही लिहिलेलं असेल तर पेटीला कुंचला लावायचा नाही. आणि आल्या काय, तर 'अबॅण्डन', 'अब्स्कॉण्ड', 'ॲब्सर्ड', 'ॲसिड'! एक म्हणाला, दिल्लीहून नवा हुकूम आला. दुसरा म्हणाला, शत्रूचा कोड आहे. 'ॲसिड' तेवढं सगळ्यांना कळलं, आणि ते पेट्यांपासून दहा हात लांब पळाले. कुंचले खाली. काम बंद. मागून येणाऱ्या ट्रॉल्या दारात अडकल्या, आणि बंदूक घेतलेला हवालदार रिकाम्या पेट्यांवर पहारा द्यायला उभा राहिला!

गोष्ट मोठ्या साहेबांपर्यंत गेली. साहेब फार शांत माणूस. त्यांनी कागदावर शब्द उतरवून मागवले, वाचले आणि एवढंच विचारलं, "पेटी शॉप में ये शब्द किसको आते होंगे?"

तिवारी अभिमानानं म्हणाला, "वानखड़े बाबू को, साहब! और किसको?"

हे सगळं मला नंतर कळलं बरं का. मला एवढंच कळलं की तिवारी धापा टाकत आला आणि ओरडला, "चलो बाबू, साहब ने बुलाया है! अंग्रेज़ी का मामला है!"

इंटरव्ह्यू! तारीख न सांगता अचानक घेतात म्हणे, म्हणजे खरा माणूस कळतो. केसांवरून पाण्याचा हात फिरवला, शर्टाची वरची गुंडी लावली आणि गेलो.

साहेबांनी बसायला सांगितलं नाही. कागदाकडे बघून म्हणाले, "अबॅण्डन?"

"छोड़ देना, साहब!"

"ॲब्डोमेन?"

"पेट, साहब!"

"अब्स्कॉण्ड?"

"फरार हो जाना, साहब!"

अहो, मला आनंदानं घेरी यायची बाकी राहिली! सकाळी पाठ केलेलेच शब्द, त्याच ओळीनं! देव आहे, असं मी मनात म्हटलं. कुसुमची पुण्याई, दुसरं काय! समोर दोन खोल्यांचा क्वार्टर दिसायला लागला. वेगळं स्वयंपाकघर दिसलं, त्यात धुराशिवाय बसलेली कुसुम दिसली. शंका? कसली शंका? माणसाच्या मनासारखं होत असताना शंका येते का कधी?

साहेब एकेक विचारत गेले, मी गोळीसारखं उत्तर देत गेलो. नववा शब्द झाला, 'ॲडमंट' म्हणजे हट्टी. साहेबांनी कागद खाली ठेवला. आता थांबायचं की नाही? पण मी ऐन रंगात आलो होतो.

"और दसवाँ ॲडमिट, साहब! ॲडमिट मतलब कबूल करना!"

दारात उभ्या तिवारीनं कपाळाला हात लावला.

साहेब हळूच म्हणाले, "दसवीं पेटी सबसे नीचे दबी है, वानखड़े जी। अभी निकली नहीं। आपको कैसे पता?"

पेटी! तो शब्द कानावर पडला आणि सकाळपासून डोक्यातून गेलेल्या दहाच्या दहा पेट्या एका दमात परत आल्या. मग काय, दहाव्या शब्दाचा अर्थ सांगितला होता, तो करूनही दाखवला. खडू, फडकं, खंदक, सगळं कबूल केलं.

साहेब रागावले नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात माझ्या पेट्यांचेच नमुने खडूसकट तपासायला ठेवलेले होते, तिथपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "ज़रा घूमिए।"

मी वळलो. साहेबांचा हात माझ्या पाठीवरून फिरला. चांगला सावकाश, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! केवढा मोठा माणूस! चूक पोटात घालून वर पाठ थोपटतो!

"जाइए," साहेब म्हणाले. "फ़ैसला मैंने लिख दिया है।"

लिहून टाकलं! फायलीत लिहून टाकलं! दहापैकी दहा अर्थ बरोबर आले होते, आणखी काय पाहिजे? बाहेर तिवारी तोंडावर रुमाल धरून उभा होता. मला वाटलं, बिचाऱ्याला भरून आलं.

सुटीचा भोंगा झाला. गेटवरचा दरबान रोज माझे खिसे उलटे करायचा. त्या दिवशी मी पुढे सरकलो तसा मागून पाहून म्हणाला, "इनको जाने दो, इनकी चेकिंग हो चुकी है।" बघा! बातमी गेटपर्यंत पोचली! मी ऐटीत सायकलवर टांग मारली. बड्या फुहाऱ्यावर मिठाई घ्यायला थांबलो, तर फॅक्टरीतली ओळखीची माणसं मागून हाका मारायला लागली. मी मागे न वळता सगळ्यांना हात करत गेलो. सुपरवायझरनं जरा आब राखायला नको?

घरी आलो तेव्हा कुसुम चूल पेटवत होती. मी पुडा तिच्या हातात दिला.

"झालं! साहेबांनी फैसला लिहून टाकला! आता धूर बंद!"

"खरंच?" तिचा चेहरा असा फुलला की मला तोच क्वार्टर वाटला. "देवापाशी ठेवा बरं पहिले पुडा."

मी देवाकडे वळलो, हात जोडले.

"अहो," ती म्हणाली, "हलू नका बरं जरासे."

चुलीत अर्धी सरकवलेली फळी तिनं बाहेर ओढली. एका हातात ती फळी धरून दुसऱ्या हाताचं बोट माझ्या पाठीवरून फिरवत तिनं एकेक अक्षर जुळवून पाहिलं.

"तेच आहे बाप्पा," ती म्हणाली आणि फळी परत चुलीत सरकवली. "मले इंग्रजीतला एकच शब्द ओळखू येते, पण पाहा, कसा वेळेवर कामी आला!"