रडण्याची तालीम

बायको गेल्यापासून सकाळी घरात बसवत नाही, म्हणून मी बुढापारा मोहल्ल्यातल्या तलावावर जाऊन बसतो. एक दिवस बाजूच्या बाकावर एक कॉलेजातली पोट्टी पाण्याकडे पाहून एकटीच बोलून राहिली होती. बोलता बोलता ओढणीचं टोक बोटाले गुंडाळे, चुकली की सोडे अन् पहिल्यापासून सुरू करे.

"कोणाले शिव्या देऊन राहिली वं?" मी विचारलं.

ती हसली. खेड्यातली, घरात पहिलीच शिकणारी. अशा पोरांले युनिवर्सिटी होस्टेल फुकट देते. त्यासाठी पैसे देणारे पाहुणे दुपारी येणार होते अन् त्यांच्यासमोर तिले आपली गरिबी सांगायची होती. पाहुणे खूश झाले तरच पुढच्या वर्षी खोली.

"होस्टेलवाली मॅडम बोलीं, रोना आए तो रोकना मत," ती म्हणाली. "पर बाबा, रोना आता ही नहीं. माँ राइस मिल में बोरा ढोती है, इसमें रोने का क्या है?"

बायकोच्या तेरवीपर्यंत लोक भेटायले येत, तेव्हा माझेही डोळे कोरडेच राहत. मग मी तिचे सुजलेले पाय आठवायचो, की पाणी यायचं. तीच युक्ती मी या पोरीले शिकवली. "पोतं उतरल्यावर मायची मान कशी होते, ते आठव."

ती तोंडावर ओढणी दाबून हुंदके देत रडली.

डोळे पुसून ती वाकली अन् माझ्या पाया पडली. "अब हो जाएगा, बाबा."

आशीर्वादाले माझा हात उठला नाही.